कर्नलचा ड्रायव्हर आणि आत्याचा अंगठा

भूम तालुक्यातल्या आमच्या ईट गावात माझ्या नोकरीबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय आणि तो घालवायचा नाद मी कधीचाच सोडून दिलाय. ही पोरगी लष्करातल्या कुण्या कर्नलच्या हाताखाली कामाला आहे, असं गाव समजतं. माझा कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला मुख्य कारभारी. कोणाला किती जागा द्यायची, कोणाचं काम आधी आणि कोणाचं मागून, हे सगळं तो ठरवतो. त्याच्यातल्या चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. वडील गेल्यावर मी पुणं सोडून गावी आले, कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली, आणि आता माडीवरच्या खोलीत बसून मी दिवसभर पडद्याकडे बघत असते.

आत्यानं एकदा विचारलं, "पर तू करतीस काय नेमकं?" मी म्हटलं, कर्नलमध्ये ड्रायव्हर असतात, त्यांच्या चुका दुरुस्त करते. ड्रायव्हर म्हणजे कर्नलचा तो भाग जो एखाद्या यंत्राशी बोलतो, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर आत्याचं समजून झालं होतं. दुसऱ्या दिवशी विहारापाशी बायकांत बसून ती सांगत होती, "कर्नलचा ड्रायव्हर लई चुकतो. आमची पोरगी हाय म्हणून गाडी रस्त्यावर हाय." तसं बघितलं तर तिचं फारसं चुकलंही नव्हतं.

माझ्या वाट्याला येणाऱ्या चुका बहुतेक जागेच्या असतात. कर्नल एखाद्या कामाला जागा देतो, काम झालं की परत घेतो आणि दुसऱ्याला देतो. चूक होते ती अशी: भूमच्या एसटीत कोणी रुमाल टाकून जागा धरावी, मग मन बदललं म्हणून उतरून जावं, त्या जागेवर दुसरं कोणी बसावं, आणि खाली उभ्या असलेल्या भावाला हे ठाऊकच नसल्यानं त्यानं खिडकीतून गाठोडं त्या नव्या माणसाच्या मांडीवर आदळावं. सोडलेल्या जागेत कुणीतरी सामान टाकत राहतं. ज्याच्या मांडीवर पडतं तो ओरडतो, आणि सगळे त्यालाच धरतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, हा आमच्या धंद्यातला रोजचा न्याय. खरा गुन्हेगार शोधायला कधी दोन दिवस लागतात, कधी दोन महिने.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. पुढं मला आत्यानंच वाढवलं. आतोबा आणि ती आमच्याच मागल्या बाजूला दोन खोल्यांत राहायची, दोघंही लोकांच्या शेतात रोजानं जायची. मूलबाळ नाही. आतोबा गेल्यावर मी तिला किती वेळा म्हटलं, आता माझ्याकडंच ये. ती म्हणायची, "मपली चूल हाय तोवर म्या कामून यिऊ?" तिची चूल चालायची ती रेशनच्या धान्यावर आणि अंगणातल्या भाजीवर. सोयाबीन उपटायला जायचं तिचं वय सरलं होतं. मी किराणा नेऊन ठेवला की ती तो निमूटपणे माझ्याच दारात परत आणून ठेवायची, वर एखादी वांग्याची पिशवी घालून. तिचा राग येऊन उपयोग नसायचा. मला यायचा तरीही.

तिच्या बाबतीत एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मी सहावी-सातवीत असताना विहाराच्या ओसरीत बायांसाठी साक्षरतेचा वर्ग भरायचा. आत्या तिथं नाव लिहायला शिकली. नावापलीकडं तिला फार काही आलं नाही, पण सही अशी करायची की शिरोरेघ कागद संपेपर्यंत जायची. त्याआधी कुठंही गेलं की तलाठ्याच्या नाहीतर सोसायटीच्या माणसानं तिचा अंगठा दोन बोटांत धरायचा, शाईच्या डबीत दाबायचा, कागदावर टेकवायचा आणि उचलायचा, जणू अंगठा तिचा नव्हेच. "अंगठेबहाद्दर" हा शब्दही तिनं पुष्कळ ऐकला होता. सही आल्यावर तिनं ठरवून टाकलं, आता कुणाच्या हातात अंगठा द्यायचा नाही. एका बँकेत तर शिपायानं सवयीनं शाईची डबी पुढं सरकवली तेव्हा तिनं ती उलटी सरकवली आणि पेन मागितलं. घरी येऊन ते चार वेळा सांगितलं.

मग रेशनच्या दुकानात थम मशीन आलं, काचेवर अंगठा टेकवला की आधारच्या ठशाशी ताडून माणूस ओळखणारं. शिकलेल्यालाही थम आणि अडाण्यालाही थम. इतकी वर्षं आतोबांचा थम लागायचा, त्यामुळं तिला मशीनपुढं उभं राहायची पाळी आली नव्हती. ते गेले आणि कार्डावर ती एकटी उरली. पहिल्या महिन्यात ती रिकामी पिशवी घेऊन परत आली. मशीन बंद पडलं म्हणाली. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात दुकानदारानं तिला रांगेतून बाजूला काढलं. "तुमी मागून या. तुमी थम लावला की मशीन मरायलंय, मंग समदी रांग बेजार होती." रांगेतल्या कोणीतरी विनोद केला की म्हातारीच्या अंगठ्यात करंट आहे. आत्यानं तो विनोद मला हसतच सांगितला, पण नंतर ती दोन दिवस विहाराकडं गेली नाही.

चौथ्या महिन्यात मी तिच्याबरोबर गेले. धान्य न उचलणाऱ्यांची यादी तालुक्याला जाते आणि यादीतली नावं रेशनमधून कमी होतात, हे दुकानदारानंच सांगितलं होतं. तो तसा वाईट माणूस नव्हता. मशीनची देखभाल करणारा एक पन्नाशीचा गृहस्थ उमरग्याहून यायचा, तोही त्या दिवशी हजर होता. कानडी वळणाची मराठी, शर्टाच्या खिशात दोन स्क्रूड्रायव्हर. आत्यानं थम लावला. पडदा पांढरा झाला, मग काळा, मग मशीन पहिल्यापासून चालू व्हायला लागलं. उमरग्याच्या माणसानं तिचा हात उलटा करून बघितला आणि म्हणाला, "रेषाच न्हाईत की हो. आडात न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येणार?"

मला राग आला. हा माणूस दोन वेगळ्या गोष्टी एक करत होता. रेषा नसत्या तर मशीननं नाही म्हटलं असतं. हे मशीन नाही म्हणत नव्हतं, हे मरत होतं. या दोन्हींतला फरक समजणं हाच माझा धंदा. सगळ्या रांगेसमोर मी मोठ्यानं म्हणाले, "आत्याचा अंगठा चांगलाय. तुमचं मशीन वाईट आहे, आणि ते मी सिद्ध करून दाखवते." आत्या माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला तेव्हा फार आवडलं.

उमरग्याच्या माणसानं माझं बोलणं मनावर घेतलं नाही. उलट पडदा फुटलेलं एक जुनं मशीन त्याच्याकडं मोडीत पडलं होतं, ते पुढच्या फेरीला आणून दिलं. बोट टेकवायच्या काचेचा ड्रायव्हर उघड्या कर्नलमध्ये आहे, जगातलं कोणीही तो वाचू शकतं. माझ्या टेबलावर मी ते मशीन उघडलं, वायरी जोडल्या, कर्नल नव्यानं बांधला आणि त्यात एक तपासनीस बसवला. सोडलेल्या जागेला कोणी हात लावला की तो लगेच बोंब मारतो. मग थम लावत बसले. शंभरदा लावला. दोनशेदा लावला. ओला करून, तेल लावून, वाकडा, तिरका. मशीन ठणठणीत. आठवडा गेला. पुण्यातले माझे सहकारी म्हणाले, अगं, ज्या कंपनीनं हे बनवलं त्यांनीही हे हजारदा तपासलं असेल. मीही तसंच म्हटलं असतं.

एका दुपारी आत्या अंबाडीची भाजी द्यायला माडीवर आली. मी म्हटलं, आलीच आहेस तर लाव थम. ती टेबलापाशी उभी राहिली, साडीला अंगठा पुसला, काचेला टेकवला आणि झटकन मागं घेतला. चटका बसल्यासारखा. तिसऱ्या वेळी माझ्या पडद्यावर तपासनिसाची बोंब उमटली.

"एवढ्या लवकर का उचलतीस?"

"मंग? टेकवला की उचलायचा. ठिवला की फासतं."

शाई फासते. काचेवर शाई नसते, पण तिच्या अंगठ्याला ते कोण सांगणार? शिवाय दुसरंही काही असेल. तो अंगठा जितका वेळ लोकांसमोर टेकलेला राहील तितका वेळ ती पुन्हा अंगठेवाली होती. चूक मात्र मला एका क्षणात दिसली. बोट टेकलं की काचेकडून ठशाचं चित्र तुकड्या-तुकड्यानं यायला लागतं. बोट उचललं की ड्रायव्हर समजतो काम संपलं, आणि चित्रासाठी घेतलेली जागा परत करून मोकळा होतो. पण आधी निघालेले तुकडे वाटेत असतातच. ते येऊन परत केलेल्या जागेत पडतात. माझ्यासारखी माणसं आवाज येईपर्यंत बोट दाबून धरतात, त्यामुळं आम्हाला हे कधी दिसत नाही. ज्यांनी आयुष्यभर शाईत अंगठे बुडवले, त्यांनाच हे दिसायचं. आणि त्यांचं ऐकून घ्यायला कोण बसलंय.

दुरुस्ती दहा-बारा ओळींची झाली. बोट उचललं तरी चित्राचा शेवटचा तुकडा येईपर्यंत जागा सोडायची नाही, एवढंच. ती मी कर्नलच्या टपाल-यादीवर, म्हणजे त्यावर काम करणाऱ्या जगभरच्या माणसांच्या सामायिक ईमेलवर, पाठवली. तिथं एक रीत आहे. दुरुस्तीच्या खाली, ती चूक ज्यानं पहिल्यांदा दाखवली त्याचं नाव लिहायचं. ते नाव कर्नलच्या इतिहासात कायमचं राहतं. मी आत्याचं पूर्ण नाव लिहिलं, आतोबांच्या नावासकट. नावापुढं ईमेल लागतो, तिथं माझाच दिला. ड्रायव्हरच्या त्या भागाची जबाबदारी असलेला माणूस कुठल्यातरी थंड देशात बसतो. त्यानं विचारलं, खऱ्या वापरात कोणी इतक्या झटकन बोट उचलतं का? मी एक लांबलचक, खरमरीत उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. मग एका ओळीत कळवलं की हो, जिचं नाव खाली आहे ती उचलते. त्यावर त्यानं दुरुस्ती तपासायला घेतली.

पण ही दुरुस्ती ईटच्या दुकानातल्या मशीनपर्यंत पोचणार कशी? त्यात कर्नल होता तो बऱ्याच वर्षांपूर्वीचा, एकदा भरला तो भरला. बनवणाऱ्या कंपनीनं लिहिलं की त्यांचा करार संपलाय. तालुक्याच्या कार्यालयातला कारकून म्हणाला, "मॅडम, बाकीच्यांचे थम लागतेत ना? मंग मशीनला कायबी झालं न्हाय." मी दोन अर्ज दिले. त्यांची पोच मिळाली, बाकी काही नाही.

तेव्हा मी दुसरा मार्ग धरला. मशीन बदलत नाही तर आत्याला बदलायचं. रोज दुपारी ती माडीवर यायची, काचेवर अंगठा टेकवायची आणि मी वीसपर्यंत मोजायची. पहिल्या दिवशी चारावर उचलला. दुसऱ्या दिवशी सातावर. मी तिच्यावर खेकसलेही एकदा, "धर ना गं घट्ट!" आणि तिचा अंगठा माझ्या दोन बोटांत धरून काचेवर दाबला. तिनं हात काढून घेतला नाही. मी काय करतेय हे मला क्षणभरानं कळलं आणि मी हात सोडला. आम्ही दोघींनी त्यावर चहा केला. आठवडाभरात ती वीसपर्यंत धरायला लागली, आणि स्वतःच मोजायलाही.

पाचव्या महिन्यात आम्ही दुकानात गेलो. रांग होतीच. आत्या पुढं झाली, अंगठा पुसला, टेकवला आणि मोठ्यानं मोजायला लागली. येक, दोन, तीन. कोणी हसलं नाही. अकरावर मशीन वाजलं. पडदा काळा झाला नाही, मशीन मेलं नाही. मला आनंद झाला. माझी सगळी विद्या त्या एका आवाजात खरी ठरली होती.

मग पडद्यावर आलं: ठसा जुळत नाही.

दुकानदारानं पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा तेच. दुसरा अंगठा. मग तर्जनी, मग मधलं बोट. आत्या प्रत्येक बोट वीसपर्यंत धरत होती, शिकवलं होतं तसं. दहाही बोटं झाली. मशीन दहाही वेळा जिवंत राहिलं आणि दहाही वेळा नाही म्हणालं.

माझ्या टेबलावरचं मशीन फक्त ठसा घ्यायचं. तो आधारमधल्या ठशाशी ताडून बघायची सोय तिथं नव्हती, आणि ती सोय नाही हे मला पूर्ण ठाऊक होतं. पण मरणं आणि नाही म्हणणं यांतला फरक मला इतका पक्का माहीत होता की दोन्ही एकाच अंगठ्याच्या वाट्याला येतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उमरग्याचा माणूस पहिल्याच दिवशी बरोबर होता. मशीन मरत होतं तोवर दोष मशीनचा होता. मी तो बाजूला केला आणि दोष आत्याच्या हातावर आणून ठेवला, त्याच रांगेसमोर.

घरी येताना ती म्हणाली, "मशीन चांगलंच हाय म्हण की."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. मोबाईलवर ओटीपीचा आकडा मागवून धान्य मिळतं म्हणून गेलो, तर आत्याचा नंबर आधारला जोडलेला नव्हता आणि जोडायला थम लागत होता. भूमच्या आधार केंद्रात ठसे नव्यानं द्यायचा प्रयत्न तीनदा केला, तीनदा नापास होऊन आला. ठशाऐवजी डोळ्यांवरूनही ओळख पटते म्हणून डोळे दाखवले, तर दोन्हीत मोतीबिंदू पिकलेला. शेवटी तालुक्याच्या कारकुनानं रेशनची यादी वळवून माझ्याकडं केली आणि बोट ठेवून दाखवलं, आत्याचं नाव कमी झालं होतं. अर्ज करा म्हणाला. केला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस आत्यानं घरात होतं त्यावर काढले. काय होतं ते मला माहीत नाही, तिनं मला डबे उघडू दिले नाहीत. मी ज्वारीचं पोतं तिच्या दारात ठेवलं तर तिनं ते कुणाकडून तरी उचलवून परत माझ्या ओट्यावर ठेवलं. आणि मग एका दुपारी जेवायच्या वेळी ती आली. स्वतःचं ताट, वाटी आणि तांब्या धुऊन घेऊन आली होती. माझ्या घरात ताटांना तोटा नाही. ती भिंतीला टेकून बसली आणि ताट पुढं ठेवलं. इतकी वर्षं मी तिला ये-ये म्हणत होते. ती आली आणि मला वाढताना तिच्याकडं बघवेना. त्या दिवसापासून ती रोज तशीच येते. भाकरी एकच घेते. दुसरी घाल म्हटलं की पोटावर हात फिरवून दाखवते. तिच्या घरातून धूर निघत नाही आता.

अशाच एका दुपारी जेवताना माझ्या फोनवर मेल आला. दुरुस्ती कर्नलमध्ये गेली होती, आणि नुसत्या नव्यातच नाही, तर अजून सांभाळल्या जाणाऱ्या जुन्या कर्नलांतही घ्यायचं ठरलं होतं. आमच्या धंद्यात ही मोठी गोष्ट असते. मी मेल खाली सरकवत गेले आणि शेवटी रोमन अक्षरांत आत्याचं नाव दिसलं, आतोबांच्या नावासकट, एकही अक्षर न चुकता. माझ्या तोंडून निघून गेलं,

"आत्या, तुझं नाव लागलं."

तिचा घास हातातच राहिला. "लागलं?" ती म्हणाली. "कवा?"

"आत्ताच आलंय."

"मंग उद्याच जावं लागंल. त्या दोन्ही पिशव्या धुया पायजेत, उंदरानं कुरतडल्यात का काय बघते." ती उठायलाच लागली होती. तिचा चेहरा असा झाला होता की मला खोटं बोलावंसं वाटलं, एक दिवस तरी.

"आत्या, ते नव्हं. ती यादी नाही. ही दुसरी."

ती परत बसली. "दुसरी कंची?"

"कर्नलची. ज्यानं चूक दाखवली त्याचं नाव त्यात लिहितात. सगळ्या जगात दिसतं."

मला बरं वाटावं म्हणून विचारावं तसं तिनं हळूच विचारलं, "मंग त्या यादीवर काय मिळतं?"

"काही नाही," मी म्हटलं.

"असू दी," ती म्हणाली, आणि उरलेली अर्धी भाकरी माझ्या ताटात ठेवून आपलं ताट घासायला घेऊन गेली.